पायाचे कुरूप कापण्याआधी

पावसाळा सरला आणि कापूस फुटू लागला, की आमच्या यवतमाळकडे माणसांची चाल बदललेली दिसते. एक जण टाच उचलून चालतो. दुसरा पायाच्या कडेवर भार देतो. वेचायला निघालेली बाई मध्येच धुऱ्यावर बसते, पाय मांडीवर घेते आणि तळवा चाचपते. काय झाले म्हणून विचारले, तर उत्तर ठरलेले असते.

"काई नाई गुरुजी, कुरूप झालं पायाले."

तळपायाला जे काही टणक आणि दुखरे होईल, त्याला आपल्याकडे एकच नाव आहे. काटा मोडून आत राहिला, तरी कुरूप. चपलेने घासून चामडी जाड झाली, तरी कुरूप. आणि चामखीळ झाली, तरी तेही कुरूपच. नाव एक असले की उपायही एकच होऊन बसतो. दाढीचे पाते घ्यायचे आणि कापायचे. नाहीतर बिब्बा तापवून चटका द्यायचा.

मी डॉक्टर नाही. मॅट्रिक शिकलेला मास्तर आहे. पण शाळेतल्या पोरांचे पाय मी पाहिले आणि माझ्या घरातला एक पाय फार जवळून पाहिला. त्यावरून मला जे समजले आणि डॉक्टरांनी जे समजावले, ते या पाठात सांगतो.

अंगठ्याच्या रेषा

तुम्हाला आता सही करता येते. पण अंगठ्याला विसरू नका. तो उजेडात धरून पाहा. त्यावर बारीक बारीक रेषा आहेत. शेतातल्या तासांसारख्या त्या एकमेकींच्या बाजूने वळत जातात. अगदी तशाच रेषा तळपायावरही असतात. कुरूप कोणते आणि चामखीळ कोणती, हे त्या रेषांवरून ओळखता येते.

पाय धुवून पुसा आणि उन्हात बसून तळवा पाहा. स्वतःला दिसत नसेल तर घरातल्या पोराला पाहायला सांगा. पोरांची नजर तेज असते.

घट्टा असेल किंवा खरे कुरूप असेल, तर रेषा त्याच्यावरून तशाच पुढे गेलेल्या दिसतात. तिथली चामडी रोजच्या दाबाने जाड झालेली असते, इतकेच. चामखीळ असेल तर रेषा तिच्यापाशी येऊन तुटतात आणि बाजूने वळसा घेतात. तासात मोठा दगड आला म्हणजे आपण नांगर वळवतो ना, तसे ते दिसते. चामखिळीचा माथा फुलकोबीच्या गड्ड्यासारखा खडबडीत असतो. वरची जाड चामडी जरा घासली गेली, की आत काळे ठिपके दिसतात. कोणी खसखस पेरावी तसे.

हे काळे ठिपके पाहूनच लोक फसतात. म्हणतात, "काट्याचं टोक राह्यलं आत." मग सुई तापवून ते काढायला बसतात. ते काट्याचे टोक नव्हे. चामखिळीत केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या शिरलेल्या असतात. त्यांत रक्त गोठले की ते काळे दिसते. सुई घातली की तिथून रक्त येते, आणि काटा काही सापडत नाही.

दुखण्याचीही एक खूण आहे. कुरूप वरून सरळ दाबले की दुखते. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली की जास्त दुखते. ही खूण दर वेळी बरोबर येतेच असे नाही. रेषांवर आणि ठिपक्यांवर अधिक विसंबावे.

काटा खरोखरच आत मोडला असेल, तर बहुधा माणसाला तो दिवस आठवतो. बाभळीचा काटा असतो किंवा पऱ्हाटीचे धसकट असते. ती जागा लाल होते, ठणकते, कधी पू धरते. अशा वेळी आरोग्य केंद्रात जाऊन काटा काढून घ्यावा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन लागते का, ते विचारावे.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात सांगतो. तळपायावर नुसताच काळा डाग उठला, तो महिन्यागणिक पसरू लागला, चिघळला किंवा त्यातून रक्त येऊ लागले, तर घरी काहीच करू नये. तो कर्करोग असू शकतो. लगेच डॉक्टरला दाखवावा.

न्हाणीघरातली वजरी

मी एका शाळेत मुख्याध्यापक होतो. शाळेला वसतिगृह जोडलेले होते. न्हाणीघरात एक मोठी फरशी होती. सारी मुले त्याच फरशीवर आंघोळ करीत. शेजारी खुंटीला दोरीने एक वजरी बांधलेली असे. ती मीच बाजारातून आणली होती. काळ्या मातीचा चिखल पोरांच्या टाचांतून निघता निघत नसे. म्हणून रोज वजरीने पाय घासलेच पाहिजेत, असा माझा हुकूम होता. आमच्या वसतिगृहाच्या स्वच्छतेचा मला भारी अभिमान!

आषाढात एका मुलाच्या टाचेला कुरूप झाले. मी लक्ष दिले नाही. दिवाळीच्या सुटीपर्यंत तशी नऊ मुले झाली. तरी मी म्हणत होतो, की पोरे अनवाणी हिंडतात, काटे भरतात, दुसरे काय.

सुटीनंतर मुलांची तपासणी करायला एक तरुण डॉक्टर आले. त्यांनी नऊही मुलांचे पाय पाहिले. मग म्हणाले, "गुरुजी, न्हाणीघर दाखवा." तिथे जाऊन त्यांनी ती वजरी हातात घेतली आणि मला म्हणाले, "या चामखिळी आहेत. आणि त्या वाटायचं काम ही वजरी करते."

मी खजील झालो. पण समजून घ्यायचे म्हणून त्यांना विचारत राहिलो.

चामखीळ ही एका विषाणूमुळे होते. विषाणू म्हणजे जंतूहूनही कितीतरी लहान. साध्या दुर्बिणीतून जंतू दिसतो, विषाणू दिसत नाही. इटली देशात च्युफो नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९०७ साली चामखीळ वाटली आणि तिचा रस अतिशय बारीक गाळणीतून गाळला. साधा जंतू त्या गाळणीतून पार होऊ शकत नाही. तो गाळलेला रस त्यांनी स्वतःच्या अंगाला टोचून घेतला. काही महिन्यांनी तिथे चामखीळ उगवली. तेव्हा कळले, की हे दुखणे जंतूहून लहान अशा कशाने तरी होते आणि ते एकाचे दुसऱ्याला लागते. तेव्हा चामखीळ म्हणजे कोणाची नजर नव्हे आणि नासलेले रक्तही नव्हे.

या विषाणूच्या भावकीत दोनशेच्या वर प्रकार आहेत. बायकांना गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होतो, तो याच भावकीतल्या काही प्रकारांमुळे. पण तळपायाला चामखीळ आणणारे प्रकार वेगळे आहेत. पायाला चामखीळ झाली म्हणून कर्करोगाची धास्ती घेऊ नये.

धडधाकट, कोरड्या चामडीतून हा विषाणू सहसा आत शिरत नाही. त्याला वाट लागते. पावसात दिवसभर निंदण केल्यावर तळवे कसे पांढरे पडतात आणि सुरकुततात, आठवा. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. टाचेला भेगा पडतात. अशी मऊ पडलेली, चिरलेली चामडी म्हणजे त्याला उघडे दार. आमची मुले ओल्या पायांनी त्याच फरशीवर उभी राहत. वजरी एकाच्या चामखिळीवर घासली जाई आणि लगेच दुसऱ्याच्या टाचेवर. दार उघडून द्यायचे काम वजरीचे आणि पाहुण्याला आत नेऊन सोडायचे कामही तिचेच.

आत शिरल्यावर तो लगेच दिसत नाही. कधी महिन्याने, कधी सहा महिन्यांनी, कधी वर्ष उलटल्यावर चामखीळ वर येते. म्हणून ती कोठून आली, हे बहुधा कळत नाही.

आम्ही ती वजरी जमिनीत पुरली. प्रत्येक मुलाला पाय घासायला आपापला दगड आणायला सांगितला. त्यावर खुणेचे अक्षर कोरले. फरशी रोज खराट्याने घासून कोरडी करू लागलो. आंघोळीलाही पायात प्लॅस्टिकची चप्पल घालायची, असे ठरवले. ज्यांना चामखीळ होती त्यांनी तिच्यावर चिकटपट्टी लावूनच न्हाणीत जायचे. पाय पुसायचे फडके ज्याचे त्याचे वेगळे. चामखीळ नखाने कुरतडायची नाही, कारण ती कुरतडणाऱ्याच्या बोटालाही होते.

घरातही हेच करावे. बहुतेक घरांत वजरी एकच असते. विहिरीजवळचा खडबडीत दगड तर साऱ्या मोहल्ल्याचा. बाकी काही जमले नाही, तरी वजरी, पाते आणि नेलकटर ज्याचे त्याने वेगळे ठेवावे. त्यात फार पैसे जात नाहीत.

शेतात चप्पल घाला, असे पुस्तकात लिहिणे सोपे असते. काळ्या मातीच्या चिखलात चप्पल अशी रुतते, की पाय येतो आणि चप्पल तिथेच राहते. हे मलाही ठाऊक आहे. पण घरी आल्यावर पाय धुवावे, बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्या आणि रात्री भेगांना खोबरेल तेल चोळावे. एवढे तर होते. आणि न्हाणीत, जिथे चिखल नाही, तिथे चप्पल घालायला काहीच अडचण नाही.

मूळ शोधू नका

चामखीळ पुष्कळदा आपोआप जाते. मुलांमध्ये तर तिघांपैकी दोघांच्या चामखिळी दोन वर्षांत औषधाशिवाय जातात. शरीराला उशिरा का होईना शत्रूचा सुगावा लागतो आणि ते त्याला हुसकावते. मोठ्या माणसांना मात्र जास्त वर्षे लागू शकतात. मंतरलेला दोरा, चुना, सोडा, रुईचा चीक यांची कीर्ती का झाली, हे यावरून कळेल. चामखीळ जायची तेव्हा जाते. श्रेय मात्र, ज्याने शेवटी हात लावला त्याला मिळते.

दुसरे असे, की चामखिळीला मूळ नसते. ती चामडीच्या वरच्या थरातच असते. आपल्या अंगाच्या भाराने ती आत दाबली जाते, म्हणून खोल गेलेली वाटते. पात्याने मूळ खणणाऱ्याला मूळ सापडत नाही. होते काय, तर खोल जखम होते. ती भरून येताना टणक वण पडतो आणि तो वण जन्मभर दर पावलाला टोचत राहतो. चामखीळ तरी गेली असती, वण जात नाही.

दुखत नसेल तर वाट पाहावी. दुखत असेल तर औषधाच्या दुकानात सॅलिसिलिक आम्लाचे औषध मिळते. पातळ औषध मिळते, त्यात आम्ल शेकडा सतराच्या आसपास असते. चिकटपट्टीही मिळते, तिच्यात शेकडा ४० असते. रात्री पाय पाच-दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावा. पुसून वरची पांढरी, मेलेली चामडी हलकेच घासून काढावी. रक्त येईपर्यंत घासू नये. आजूबाजूच्या चांगल्या चामडीला व्हॅसलीन लावावे आणि औषध फक्त चामखिळीवर लावावे. हे रोज करावे लागते आणि सहसा तीन महिने करावे लागते. बहुतेक लोक पंधरा दिवसांत कंटाळतात आणि औषधाला नावे ठेवतात. फार चुरचुरले किंवा सूज आली, तर दोन दिवस थांबावे.

तीन महिन्यांनी गुण आला नाही, चामखिळी वाढत चालल्या किंवा चालणे कठीण झाले, तर त्वचारोगाच्या डॉक्टरकडे जावे. यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगाचा विभाग आहे. काही ठिकाणी द्रवरूप नायट्रोजनने चामखीळ गोठवतात. तो बर्फाहून कितीतरी थंड असतो, उणे १९६ अंश. एका खेपेत बहुधा भागत नाही. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा जावे लागते.

आमच्या नऊ मुलांपैकी सहा जणांचे पाय होळीपर्यंत साफ झाले. त्यांतला एक भारी आळशी. त्याने एक दिवससुद्धा औषध लावले नाही आणि त्याचीच चामखीळ सगळ्यांच्या आधी गेली. अजून भेटला की मला त्यावरून चिडवतो.

ज्या पायाला चटका लागत नाही

हे सगळे ज्याचा पाय जिवंत आहे त्याच्यासाठी. आता दुसऱ्या पायाची गोष्ट.

माझे थोरले चुलतभाऊ. आम्ही त्यांना भाऊच म्हणतो. अंगठ्याच्या खाली, जिथे पावलाचा भार पडतो तिथे, त्यांना कुरूप झाले. रेषा वगैरे पाहायचे तेव्हा कोणाला सुचणार! त्यांनी बिब्बा सुरू केला. बिब्ब्याचे तेल किती जहाल असते, हे तुम्हाला सांगायला नको. बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांचे हात पाहा. अंगाला जरा लागले तर बिब्बा उततो, फोड येतात. भाऊ तो सुईला टोचून दिव्यावर धरीत आणि उकळते तेल कुरूपावर टेकवीत.

एरवी बिब्ब्याच्या चटक्याला भला माणूसही ओरडतो. भाऊ हू का चू करीत नसत. हसून म्हणत, "मले काई होत नाई. शेतकऱ्याचा पाय हाय, बाप्पा!" आम्ही सारे कौतुकाने पाहत बसायचो. मीसुद्धा.

आठ दिवसांनी पाय सुजला. कुरूपाखाली पू झाला होता. बोटे काळी पडू लागली, घरात वास येऊ लागला, तरी भाऊंना दुखत नव्हते. दुखत नाही म्हणून दवाखाना नको, असे त्यांचे म्हणणे. शेवटी ताप चढला तेव्हा गाडी करून नेले. डॉक्टरांनी भाऊंना डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचा बोळा पायाला ठिकठिकाणी लावून विचारले, "कुठं लागतंय?" भाऊ गप्प. बोळा लागतोय हेच त्यांना कळत नव्हते. रक्त तपासले तेव्हा साखर निघाली. किती वर्षांपासून होती, कोणास ठाऊक.

डॉक्टरांनी मला विचारले, "चटका दिला तेव्हा हे ओरडले नाहीत?"

मी अजूनही कौतुकानेच सांगितले, "अजिबात नाही!"

डॉक्टर माझ्याकडे पाहतच राहिले. भाऊंच्या उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट कापावे लागले.

मधुमेह म्हणजे साखरेचा आजार जुना झाला, की पायाच्या नसा बधिर होतात. पायाचा रक्तपुरवठाही कमी होतो. कुष्ठरोगातही नसा मरतात. वर्धा नदीपलीकडे वरोऱ्याला बाबा आमटे यांनी आनंदवन उभे केले, ते तुम्ही ऐकले असेल. तिथे आलेल्या माणसांची बोटे झडलेली पाहून लोक समजत, की रोगच बोटे खातो. तसे नसते. बधिर पायाला खडा टोचतो, निखारा लागतो, कुरूप आतून सडते, आणि माणसाला कळतच नाही. तो त्याच पायावर चालत राहतो. बोटे जातात ती त्या न कळलेल्या जखमांमुळे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर आरोग्य केंद्रात दाखवावे. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ते सहा महिने किंवा वर्षभर घेतले की रोग बरा होतो. पण मेलेली नस बहुधा परत येत नाही. म्हणून लवकर जावे.

ज्याला साखर आहे किंवा ज्याचा पाय बधिर आहे, त्याने कुरूप असो की चामखीळ, घरी काहीही करू नये. पाते नको, बिब्बा नको, दुकानातले सॅलिसिलिकही नको. गरम पाण्यात पायसुद्धा बुडवू नये, कारण पाणी किती गरम आहे ते त्या पायाला कळत नाही. सरळ डॉक्टरकडे जावे.

पाय जिवंत आहे की नाही, ते घरी पाहता येते. माणसाला निजवा आणि डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटे आणि करंगळ्या अशा सहा जागा घ्या. त्यांच्या टोकाला आपल्या बोटाने अगदी हलका, क्षणभर स्पर्श करा. दाबू नका, चोळू नका. स्पर्श कळला की त्याने उजवा की डावा ते सांगायचे. सहांपैकी दोन किंवा जास्त जागी कळले नाही, तर तो पाय धोक्यात आहे असे समजावे आणि दवाखान्यात न्यावे.

भाऊ आता मऊ रबराच्या चपला घालतात आणि काठी घेऊन शेताच्या धुऱ्यापर्यंत जातात. आमच्या वहिनी तुमच्यासारख्याच मोठेपणी लिहायला शिकल्या. रोज दिवेलागणीला त्या भाऊंचे तळवे उजेडात धरून पाहतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेपाशी लिहितात, "पाय ठीक." मागच्या महिन्यात एका तारखेपाशी मी वाचले, "उजवी टाच लाल." दुसऱ्याच दिवशी सकाळी वहिनींनी त्यांना आरोग्य केंद्रात नेले होते. चपलेतून एक खिळा वर आला होता. भाऊंना त्याचा पत्ताच नव्हता.